तारांना हात लावायचा नाही

जिन्यावर माणसं, गॅलरीत माणसं, आणि ज्यांना कुठेच जागा मिळाली नाही ती खालच्या शिंप्याच्या दुकानात बसून वरच्या बातमीची वाट बघत होती. वरच्या खोलीत गिटार रडत होती. म्हणजे खरोखरच रडत होती! आत्याने ते स्वतःच्या कानांनी ऐकलं, म्हणून बरं. उभा जन्म शाळेत विज्ञान शिकवण्यात गेल्यामुळे तिला कुणी काही सांगितलं की आधी "कशावरून?" तोंडाबाहेर पडायचं आणि मग "ये, बस".

गिटार तिच्या धाकट्या भावाची. तारांखालचा पिकअप, म्हणजे आवाज टिपणारी ती छोटी गुंडाळी, त्याने घरीच बनवली होती. केसासारख्या बारीक तारेचे वेढ्यावर वेढे देत संध्याकाळच्या संध्याकाळ बसायचा. गुंडाळी बसवली आणि तिचा आवाज एकदाही ऐकायच्या आत तो गेला. वर्षभर गिटार पेटीत पडून राहिली. परवा त्याच्या लेकीने ती काढली, कारण रविवारी शाळेच्या कार्यक्रमात तिला बाबांचीच गिटार वाजवायची होती. अँप्लिफायर लावला आणि आतून आवाज आला, "हूंऽऽऽ". पोरीच्या आईने किंकाळी फोडली. दुसऱ्या दिवशी हुंकारबाबा दारात हजर. अशा बातम्या त्यांना बरोबर कळतात!

"जीव अडकलाय, माते," बाबा डोळे मिटून म्हणाले. "नाद हाच देह, देह हाच नाद. मला सगळं दिसतंय."

"डोळे मिटून?" आत्याने विचारलं.

बाबांनी एक डोळा उघडून तिच्याकडे पाहिलं आणि परत मिटला. "लेक जवळ आली की बाप टाहो फोडतो. बघायचंय? बाळ, उचल. नेहमीसारखी, लाकडाला धरून."

या घरात गिटार लाकडालाच धरून उचलत. घामाने तारा गंजतात, म्हणून भावाने सगळ्यांना दम भरून ठेवला होता : वाजवायचं नसेल तेव्हा तारांना हात लावायचा नाही. पुसायच्या तर फडक्याने. त्याच्या माघारी तो नियम दुप्पट कडक झाला होता. पोरीने लाकडाला धरून गिटार उचलली आणि हुंकार दुप्पट झाला. तिचे डोळे भरून आले.

"नाराज आहे तो तुझ्यावर," बाबा म्हणाले, आणि आपला खड्यांच्या अंगठ्यांनी भरलेला पंजा त्यांनी अलगद तारांवर टेकवला. हुंकार एकदम बंद. गर्दीतून "आहाहा!" निघालं. जिन्यावरच्यांना काही दिसलं नव्हतं, तेही "आहाहा" म्हणाले.

निकाल असा लागला, की मुलीने पुन्हा कधी वाजवायचं नाही आणि गिटार आजच बाबांच्या आश्रमात मुक्तीसाठी जाईल. भावजय पदराने डोळे पुसत पेटी आणायला उठली. आत्याला मनातून संताप आला. बाप गेलेल्या पोरीला, बाप तुझ्यावर नाराज आहे असं सांगणाऱ्या माणसाचं करायचं काय? पण तिने राग गिळला आणि विचार केला. हात लावला की थांबतं. मग बाबांखेरीज कुणी हात लावून पाहिलाय का?

"अगं, तू लाव बघू तारांना हात," ती भावजयीला म्हणाली.

"छे हो ताई! त्यांना आवडायचं नाही."

"मग मी लावते. मला तो लहानपणापासून घाबरायचा." आत्याने बोट टेकवलं. आवाज बंद.

बाबा जराही डगमगले नाहीत. "सख्खी बहीण! रक्ताची ओढ!"

"असं होय? अहो शिंपीदादा, वर या!"

गर्दीत हसू फुटलं, कारण पन्हळीच्या पाण्यावरून शिंपी आणि तिचा भाऊ यांच्यातून विस्तव जात नव्हता. शिंपी भीत भीत आला. "माझ्या हाताने नाही हो थांबायचं. गेला तेव्हाही आमची बोलाचाली नव्हती." त्याने बोट लावलं. आवाज बंद.

"क्षमा!" बाबा गरजले. "मरणोत्तर क्षमा!"

"वा! जो हात लावेल त्याला क्षमा, आणि हात न लावणाऱ्या पोरीवरच तेवढा राग? बाळा, तारांवर हात ठेव तू."

पोरीने आईकडे पाहिलं. मग बोटं तारांवर टेकवली. खोली अशी शांत झाली, की खालच्या दुकानात शिंप्याचा पोऱ्या चालवत होता ते शिलाई मशीन ऐकू आलं. पोर रडता रडता हसली. आत्या मात्र रडली नाही; वर्गात रडायचं नसतं ही तिची जुनी शिस्त.

"आता ऐका," ती म्हणाली. "घरातल्या विजेची थरथर आपल्या अंगावरही उतरते. माणूस जवळ गेला की ती या उघड्या गुंडाळीत शिरते आणि आवाज होऊन बाहेर पडते. गिटारच्या तारा आतून एका वायरने अँप्लिफायरच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. तारेला हात लावलात, की अंगावरची थरथर परस्पर तिकडे निघून जाते. एवढंच. शिंपीदादा, अँप्लिफायरची वायर गिटारमध्ये खोचलीय ना, तिची ती पत्र्याची पिन बाहेरून धरा. बाळा, गिटार खाली ठेव, पण जवळच बसून दादांचा दंड धर, म्हणजे तुझ्या अंगावरची थरथरही त्यांच्यातून तिकडे जाईल."

गिटारला कुणाचाच हात नव्हता, तरी आवाज बंद झाला.

"आता काय, माझा भाऊ पिनेत जाऊन बसला?"

शिंपी मात्र बाबांकडे टक लावून बघत होता. "तुम्ही लाऊडस्पीकर भाड्याने द्यायचात ना हो? माझ्या लग्नात तुमचाच होता! तोही असाच गुरगुरायचा, आणि तुम्ही माईक मुठीत धरून सांगायचात, असाच धरा, गप्प बसतो."

बाबांना एकाएकी दुसऱ्या भक्ताची आठवण झाली. जिन्यावरच्या माणसांनी त्यांना वाट दिली, पण नमस्कार कुणी केला नाही.

गर्दी पांगली. भावजय मात्र तिथेच बसून होती. "म्हणजे ते नव्हतेच, ताई?" ती हळूच म्हणाली. "मला वाटलं, रडत का होईना, पण आहेत."

आत्याने पेटी पुढे ओढली. तळाशी तांब्याच्या चिकट पत्र्याची सुरळी होती. त्यावर गिटारच्या पोकळीच्या मापाने पेन्सिलीच्या रेघा मारलेल्या, बाजूला आकडे लिहिलेले, अर्धी पट्टी कापलेली. पोकळीला आतून हा पत्रा लावून अर्थिंगला जोडला, की गुंडाळी झाकली जाते आणि बाहेरची थरथर आत शिरत नाही. त्याला ठाऊक होतं. करायचं राहून गेलं होतं.

"हे बघ त्याचं अक्षर," आत्या म्हणाली. "लेकीची गिटार आश्रमात पाठव, असं यात कुठे लिहिलंय का?"

भावजयीने कात्री आणली. त्याच्या रेघांवरून तिने पत्रा कापला, पोरीने चिकटवला आणि आत्याने वायर जोडली. जराशी गुणगुण उरलीच. पोर अँप्लिफायरपासून लांब सरकून थोडी वळून बसली, तेव्हा तीही दबली.

तर मंडळी, कुणी म्हणालं की इथे फक्त मीच हात लावणार, तर विजेची उघडी तार सोडून बाकी सगळीकडे आधी आपण हात लावून पाहावा. आपल्याला जमलं नाही, तर शेजारच्या शिंप्याला बोलवावं.

रविवारी पोरीने वाजवलं. वाजवून झाल्यावर घरी येऊन तिच्या आईने फडकं शोधलं, सापडेना, तेव्हा तारा आपल्या तळहातानेच पुसल्या.