मेणावरचा अंगठा

आमच्या लेथच्या, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्राच्या, लांब पाटासारख्या बेडमध्ये, काम पकडून फिरवणाऱ्या चकच्या पायथ्याशी, हातभर लांबीचा एक सुटा तुकडा आहे. मोठं चाक चढवायचं तर तो काढायचा. खाली जागा होते आणि चाक फिरतं. काढणं सोपं. पण कारखान्यात बेडबरोबरच घासलेला तो तुकडा एकदा निघाला की पुन्हा तंतोतंत बसेल याची खात्री कोणी देत नाही. म्हणून बावीस वर्षांपूर्वी ही लेथ तेगालला आणली, तेव्हा मी आणि माझा भागीदार कस्मुरी, आम्ही ठरवलं, दोघं हजर असल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. माझी बायको रुखायाह बाटिकचं, म्हणजे कापडावर मेणाने नक्षी काढायचं काम करते. तिचं तपकिरी मेण तुकड्याच्या दोन्ही बोल्टांवर ओतलं आणि एकावर मी, दुसऱ्यावर त्याने अंगठा उमटवला. कस्मुरी तेव्हापासून मला कांग म्हणतो, म्हणजे थोरला भाऊ.

लेकीच्या बाळंतपणासाठी मी नऊ दिवस चिरेबॉनला गेलो. "कांग, तू बिनघोर जा," तो म्हणाला होता. गेलो बिचारा बिनघोर!

परतल्यावर हाजी तस्वादच्या मच्छीमार नावेचा शाफ्ट चढवला. चकपासून दोन वितींवर, तो तुकडा संपतो तिथे, कातायचं हत्यार दरवेळी अडखळे आणि शाफ्टवर केसाएवढी पायरी उठे.

"मशीन म्हातारी झाली, कांग," कस्मुरी चहा ओतत म्हणाला.

"नऊ दिवसांत?"

मी वाकून मेण पाहिलं. ठसे दोन्ही होते. माझ्या अंगठ्यावर लहानपणीचा तिरपा व्रण आहे, तो मेणात स्पष्ट दिसायचा. आता तिथला ठसा गुळगुळीत होता.

"हा अंगठा कुणाचा रे?"

"तुझाच की."

मी माझा अंगठा ठशाशेजारी धरला. त्याने चहाची मातीची किटली खाली ठेवली.

"भातगिरणीचं चाक होतं, कांग. घाईचं काम. मशीनला काही झालं नाही..."

"फोन करायचास."

"तू नाही म्हणाला असतास."

"म्हणून केला नाहीस!" माझा आवाज चढला. "तुकडा काढलास, ते मी गिळलं असतं. शिव्या घालून गिळलं असतं. पण माझा अंगठा उठवताना तुझा हात कसा धजावला?"

 मला रडू येत होतं, म्हणून मी पाना उचलला.

दोघांनी मिळून तुकडा काढला. खाली कापलेल्या नखाएवढा लोखंडी छिलका चेपून बसला होता. शिवाय तुकड्याची जागा नेमकी धरणाऱ्या पिनांवरचे ओरखडे सांगत होते, पठ्ठ्याने आधी बोल्ट आवळले होते आणि मग पिना ठोकल्या होत्या. गावभर तोच सांगत फिरतो, आधी पिना, मग बोल्ट! मी दोन्ही बाजू रॉकेलने धुतल्या, हाताने चाचपल्या, तुकडा ठेवला, पिना बसवल्या, मग बोल्ट थोडे थोडे आवळत नेले. सांध्यावरून उंचसखल मोजायची डायल फिरवली. काटा किंचित हलला. पूर्वी हलत नसे. शाफ्ट मात्र साफ निघाला.

रुखायाहने गरम मेण आणून बोल्टांवर ओतलं. कस्मुरीने अंगठा लुंगीला पुसला आणि पुढे केला.

"थांब," मी म्हणालो. एका बोल्टावर अंगठा दाबला. मग दुसऱ्यावरही.

"कांग, एक माझा ना?"

"तुझाच आहे तो," मी म्हणालो. "तुझ्या वतीने मी उठवला."