तेहेतीस दगडांची पायवाट

अकरा वळणं, दर वळणावर तीन दगड, एकूण तेहेतीस. मृणालीने ते पहाटे एकदा वर जाताना आणि एकदा खाली येताना मोजले होते. जळगावबाहेरच्या या राखीव टेकडीवर रंग फासायला बंदी, म्हणून तिने खुणा दगडांच्याच केल्या: तीन बाजूंना तीन दगड, चौथी बाजू उघडी. उघडी बाजू दाखवील तिकडे चालायचं. वनस्पतिशास्त्राची पदवी घेतलेल्या मृणालीला ही युक्ती फारच शास्त्रीय वाटली होती.

आज परीक्षा होती. वनखात्याच्या साहेबांनी धुळ्याहून पाच जण आणले होते. पाचांनीही ही टेकडी कधी पाहिलेली नव्हती. माथ्यावरून निघून, कोणाला न विचारता, चाळीस मिनिटांत त्यांनी खालचं फाटक गाठलं तर पायवाट लोकांना खुली आणि मृणालीची नोकरी पक्की. नाहीतर चोपड्याला परत जाऊन काकांच्या क्लासमध्ये पोरांना बेडूक शिकवायचा.

जीप मागच्या रस्त्याने माथ्यावर आली. पाच जण टेकडी उतरायला लागले, मागोमाग साहेब आणि मृणाली. पहिल्या वळणावर दगड नव्हते. दुसऱ्यावरही नव्हते.

"मॅडम, खुणा कुठायत?" साहेबांनी विचारलं.

"पहाटे होत्या हो, सर!"

"मग फिरायला गेल्या का?"

तिसऱ्या वळणावर वाटेला तीन फाटे फुटले आणि पाचही जण खांबासारखे उभे राहिले. मृणालीच्या डोळ्यांपुढे बेडूक नाचू लागला.

तेवढ्यात पाचांतले पोट सुटलेले कारकून, उखर्डूभाऊ, यांनी नाक वर केलं.

"वांगी," ते म्हणाले.

"कसली वांगी?"

"भरताची. कपाशीच्या काड्यांवर भाजताहेत. उजवीकडे."

"अहो भाऊ, वाट शोधा!"

"तीच शोधतोय. हं, आता लसूणही आला. चला, चला!"

पुढच्या प्रत्येक वळणावर उखर्डूभाऊ नाक फिरवत आणि बाकीचे चौघे निमूटपणे त्यांच्यामागे पळत. शेवटच्या उतारावर तर साहेबही टोपी हातात धरून धावत होते.

फाटकाबाहेरच्या उघड्या मुरमाड जागेवर ओळीने अकरा चुली पेटल्या होत्या. एरंडोलहून अख्खी भावकी भरीत पार्टीला आली होती. भिकनआबा काठीने वांगी फिरवत होते, झुंबरबाई मिरच्या ठेचत होत्या.

"आबा, हे दगड..." मृणालीने चुलींकडे बोट दाखवलं.

"तूच मांडेल व्हतात का वं, पोरी?" आबा खूश झाले. "काय झ्याक चुली! तोंडं बी बरोबर. आम्ही वांगा वर लई गऊत, मंग तठे पाटी देखी, जंगलमा आग लावू नका. मंग काय," आबांनी काठी माथ्यापासून चुलींपर्यंत फिरवली, "बठ्ठा दगड उचलीसन खाले लई उनूत. नियम म्हंजे नियम शे!"

"नियम यासना, कंबर मनी मोडनी," झुंबरबाई कंबर दाबत म्हणाल्या. "आते उभी काय राहिनी? बस, जेव."

मृणालीने सवयीने दगड मोजले. तेहेतीस. एकही कमी नव्हता.

साहेबांनी डाव्या हातात भाकरी धरली आणि निकाल सांगितला. उखर्डूभाऊंनी तो तोंडातला घास गिळून लिहून घेतला:

निघाले पाच, न चुकता पोहोचले पाच. ठरलेला वेळ चाळीस मिनिटं, लागलेला बावीस. वाटेवर आढळलेल्या खुणा शून्य.