काळ्या वाळूतलं कासव

दक्षिण समुद्रातल्या अंब्रिम बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या त्या गावात भोचक पोराला एकच टोमणा मारतात: "जहाज बघायला निघालास काय?" कधीकाळी कुणी पोरगा जहाज बघायला म्हणून पोहत गेला आणि परत आला नाही, एवढंच सगळ्यांना ठाऊक. तो कोण, कुणाचा, हे विचारायला जावं तर उत्तरादाखल तोच टोमणा मिळतो. लोलिनने सत्तरी ओलांडली तरी तिला तो अजून ऐकावा लागे, कारण तिची चौकशीची खोड काही गेली नव्हती.

त्या दिवशी होडीतून एक परकी बाई उतरली, तेव्हा लोलिन कोनफळाचे वेल काठीला बांधायचं अर्धवट टाकून किनाऱ्यावर हजर. बाई पन्नाशीची, नाकाडोळ्यांनी थेट गावातलीच, पण पायात जाड बूट. नाव मर्लीन. ऑस्ट्रेलियातल्या मकायची, म्हणजे उसाच्या मुलखातली.

"माझे पणजोबा ह्या बेटावरचे," ती म्हणाली. तिची बिस्लामा मोडकीतोडकी होती, पण कळत होतं. ती भाषा मुळात जहाजांवर आणि त्या उसाच्या मळ्यांतच वाढली, तेव्हा थोडी तिच्याही घरची होतीच. "गाव कुठलं ते ठाऊक नाही. आई अंथरुणाला खिळली आहे. तिला आपल्या थडग्यात गावची मूठभर माती हवी आहे. भलत्या गावची आणलीस तर तुझ्याच तोंडावर फेकेन म्हणते."

"नाव काय होतं पणजोबांचं?" लोलिनने विचारलं.

"मळेवाल्याने टॉम ठेवलं. आधीचं त्यांनी कधी सांगितलं नाही."

"मग ओळखायचं कशावरून?"

मर्लीन वाळूत मांडी घालून बसली. तिने काळ्या वाळूवर आडव्या-उभ्या रेघांची चौकट आखली आणि एका बोटाने, बोट न उचलता, वळणामागून वळण घ्यायला सुरुवात केली. पणजोबा रोज संध्याकाळी चुलीची राख पसरून हे काढत. आईने त्यांचं बघून उचललं, हिने आईचं. कासवाची पाठ झाली, पाय झाले, आणि मानेपाशी बोट थांबलं.

ते थांबायचा अवकाश, लोलिनचा थोरला भाऊ मासिंग पुढे सरसावला. तो गावचा मुखिया, आणि अंब्रिमच्या माणसाला अर्धवट रेघ बघवत नाही. एक गिरकी घेऊन त्याने डोकं काढलं, रेघ सुरुवातीला नेऊन मिळवली आणि हात झटकले.

"तुझं चुकतंय, बाई. बिनडोक्याचं कासव कुठल्याच गावात काढत नाहीत."

"सगळ्या गावांत हेच झालं," मर्लीन म्हणाली. "जो तो पुरं करून देतो आणि म्हणतो, आमचं नव्हे. आणि उद्या माझं विमान आहे."

तिचा चेहरा इतका पडला की लोलिनला भावाचा रागच आला. तिने मर्लीनला घरी नेलं. वाटेत जुन्या वाडीवर एक दांडगी वेल पसरली होती, झाडं गुदमरवणारी.

"ही युद्धाच्या वेळी जहाजांतूनच आली," लोलिन म्हणाली. "उपटली की दुप्पट. डोंगरापलीकडे दोन गावं होती, ती जहाजांतून आलेल्या खोकल्याने गेली. आता तिथे फणसाची झाडं तेवढी उभी, आणि त्यांच्यावर ही बया. जहाजांनी उसाच्या मळ्यांत राबायला माणसं नेली आणि बदल्यात हे दिलं. बस, ऊस खातेस?"

"नको, मावशी. आमच्या घरात ऊस कुणी तोंडाला लावत नाही."

"मग लापलाप खा. किसलेलं कोनफळ आहे, नारळाच्या दुधातलं."

खाता खाता मर्लीनचं मन मोकळं झालं. आईने आपल्या ह्या आजोबाला कधीच माफ केलं नव्हतं. मळेवाला सांगे, हा करारावर अंगठा उठवून आपल्या खुशीने आला. म्हणजे जहाजवाल्यांनी देऊ केलेल्या एका लोखंडी कुऱ्हाडीसाठी ह्याने आपली माणसं टाकली, असं आई धरून बसली होती. आणि तरी माती त्याच्याच गावची हवी होती.

लोलिनच्या डोक्यात मात्र भुंगा शिरला होता. जन्मभर रोज काढणारा माणूस रोज एकाच जागी कसा चुकेल? विसरला म्हणावं, तर बाकीची एवढी वळणं कशी ध्यानात राहिली?

"पुन्हा काढ बघू," ती म्हणाली. "इथेच, अंगणात. डोळे मीट, म्हणजे डोकं मध्ये येणार नाही. हात काय करतो ते बघू दे. मी मध्ये बोट घालणार नाही."

हे म्हणायला सोपं होतं. मर्लीनचं बोट मानेपाशी आलं तशी लोलिनचीच बोटं शिवशिवू लागली. तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. बोट थांबलं. मग त्याच जागी वाळूवर ते दोनदा हलकेच आपटलं, आणि मर्लीनने डोळे उघडून चित्र पुसायला हात नेला.

"थांब. ते काय केलंस?"

"कुठे काय?"

"बोट आपटलंस ते."

"ते होय? पणजोबा करायचे. झालं, संपलं, असं. प्रत्येक गावात मला तिथवर पोचूच देत नाहीत, त्याआधीच कुणीतरी रेघ हिसकावतो."

शेजारच्या वाळूवर लोलिन स्वतः बसली, डोळे मिटले आणि लहानपणी काढायची तसं कासव काढू लागली. मानेपाशी येताच तिचंही बोट आपोआप दोनदा आपटलं. साठ-पासष्ट वर्षांत तिला त्याची आठवणही झाली नव्हती.

"मासिंगदादा!" तिने कुंपणावरून हाक मारली. "लवकर ये इकडे."

मासिंग कुरकुरत आला. "आता काय? जहाज बघायला निघालीस काय?"

"हो, तेच बघतेय. तू पोर असताना कासवाचं डोकं कोण काढायचं?"

"मामा. आणखी कोण?"

"आणि मामाला कसं बोलवायचास?"

मासिंगने बोट उचललं आणि कुंपणाच्या काठीवर दोनदा आपटलं. ह्या गावात पोराला कासव मानेपर्यंतच शिकवतात. तिथे पोराने बोट दोनदा आपटायचं, मग मामा येऊन त्याच्या बोटाशेजारी आपलं बोट टेकतो आणि डोकं काढतो. पोर मोठं झालं की मामा ते वळण त्याला देऊन टाकतो, आणि मग आपटायचं कुणाला सुचतच नाही. बाकीच्या गावांत अशी रीत नाही. तिथे पोरं नुसती बघून शिकतात.

लोलिनने हे सगळं मर्लीनला सावकाश सांगितलं. मर्लीनने त्या थांबलेल्या रेघेच्या टोकाला बोट लावलं.

"म्हणजे ते लहान होते," ती म्हणाली.

"सहा-सात वर्षांचा असेल. त्याहून मोठ्याला डोकं येतंच."

"रोज संध्याकाळी आपटायचे, मावशी. म्हातारे होईपर्यंत. आम्हाला वाटायचं, चित्र संपलं."

मासिंग खाली बसला. गुडघे कडकडले, पण तो कुणाचा आधार न घेता बसला. "पुन्हा आपट," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज मघासारखा नव्हता. मर्लीनने बोट टेकून दोनदा आपटलं. मासिंगने तिच्या बोटाशेजारी आपलं बोट ठेवलं, अजिबात घाई न करता गिरकी घेतली आणि रेघ घरी आणली.

चित्र पुरं झालं की पुसायचं असतं. लोलिनने ते पुसू दिलं नाही. तिने कासवाच्या डोक्याखालची वाळू ओंजळीने उचलली आणि मर्लीनच्या डब्यात भरली.

"आई विचारेल, ते का गेले," मर्लीन म्हणाली. "काय सांगू?"

लोलिनने डब्याचं झाकण घट्ट लावलं.

"सांग, जहाज बघायला गेला होता," ती म्हणाली. "पोर होतं. बघून परत येणार होता."