गाणाऱ्या बाईंचा बिनआवाजी फोटो

"कामाच्या दिवशी कॅमेऱ्याच्या पोटात हात घालायचा नाही, कळलं?" बाबा गेले, तरी त्यांचं हे वाक्य आमच्या स्टुडिओत अजून मुक्कामाला होतं.

आज तर कामाचाच दिवस. संध्याकाळी सहाला आमच्या गाण्याच्या बाई गाणार होत्या. सोमवारी त्यांच्या घशाचं ऑपरेशन. पुढे गाता येईल असं डॉक्टर काही म्हणाले नव्हते. बाईंना गातानाचाच फोटो हवा होता. पण गेल्या वर्षी माझ्या कॅमेऱ्याच्या खटखटीने त्या तान अर्धी सोडून थांबल्या होत्या. या वेळी मी शब्द दिला होता, "बाई, आवाज न करता काढीन."

ती सोय कंपनीने नव्या फर्मवेअरमध्ये दिली होती. म्हणजे कॅमेऱ्याचा मेंदूच बदलायचा. मध्ये काही बिघडलं तर कॅमेरा कायमचा गेला, आणि दुसरा जवळ नाही.

"विकतचं दुखणं आहे हे, ठमाबाई," दादा म्हणाला. "फोनने काढ."

"त्या मंद दिव्यात फोनला बाईंचा चेहरा दिसेल का?"

"मग बाबांचं तरी ऐक. त्यांचा कॅमेरा अपडेटनेच गेला."

"अपडेटने नाही. स्क्रीन काळी झाली, बाबा घाबरले आणि त्यांनी बॅटरी ओढून काढली. मी शेजारीच होते."

"कधी बोलली नाहीस ते?"

"त्यांना कशाला दुखवायचं?"

मी भरलेली बॅटरी घातली, मनात देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं. एक पट्टी अर्ध्यापर्यंत सरकली. मग स्क्रीन काळी.

"गेला! काढ बॅटरी!" दादाचा हात पुढे आला. मी तो मनगटाशी धरला.

"दहा मिनिटं लागतील असं कंपनीच्या सूचनेत लिहिलंय. तोवर कुणी शिवायचं नाही."

तेवढ्यात पासपोर्टच्या फोटोसाठी एक गिऱ्हाईक आलं. "बसा," दादा कुजबुजला, "आत पेशंट आहे." ते बिचारे खरंच पाय न वाजवता बसले.

नवव्या मिनिटाला स्क्रीन उजळली. मी दादावर कॅमेरा रोखला, बटण दाबलं.

"काढ ना," तो म्हणाला.

"काढला. आता तोंड मिट."

साडेपाचला मी वाजणाऱ्या चपला काढून कापडी बूट घातले, बॅग खांद्याला लावली आणि दार हळूच ओढून घेतलं.