मला बुटकी केली त्याची गोष्ट

मी एक जुनी शर्यतीची मोटारसायकल आहे. मित्रांनो, माझी उजवी कूस बघून दचकू नका. तिथला पत्रा सोलून निघालाय आणि सायलेन्सर चपटा झालाय. तोंडही धड नाही म्हणा, दिवा फुटलेला आहे. ज्या मुलीला मी माझ्याखाली चिरडलं तीच मुलगी मला अजून फडक्यानं पुसते. ती कशी चिरडली गेली तेच सांगणार आहे. ती वाचली, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे तुम्ही निवांत ऐकाल.

माझा जन्मच मारहाणीत झाला. उकळता धातू साच्यात ओतला, प्रेसखाली दाबला, नळ्या वाकवल्या आणि आगीनं एकमेकींना डागल्या. ओरडायला घसा नव्हता. मग इंजिन बसवलं, कुणीतरी बटण दाबलं आणि मी साठवून ठेवलेलं सगळं एकदम ओरडून घेतलं. कारखान्यातली माणसं हसली. "पोरगी खणखणीत आहे," एकजण म्हणाला. ती माझी पहिली शाबासकी.

माझा पहिला स्वार म्हणजे एका घरातला थोरला मुलगा. लांब टांगांचा, रागीट, पण हातात कसब असलेला. गाडीचं पुढचं चाक दोन जाड नळ्यांनी धरलेलं असतं. त्या नळ्या त्यानं वर-खाली सरकवून पाहिल्या, शेकडो वेळा वळणं घेतली आणि एके दिवशी एका जागी आवळून टाकल्या. तिथं बहिणीच्या नखांच्या रंगानं लाल रेघ ओढली. त्या रेघेवर आम्ही करंडक जिंकला. लोकांनी मला खांद्यावर घ्यायचंच काय ते बाकी ठेवलं.

पुढच्याच मोसमात दुसऱ्या एका गाडीनं आम्हाला बाजूनं धडक दिली. थोरल्याचा गुडघा फुटला. हाडाचा तो आवाज माझ्या इंजिनाच्या आवाजातूनही मला ऐकू आला. त्यानंतर तो लंगडत गॅरेज चालवू लागला आणि मी कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडून राहिले. माझ्या साखळीला गंज चढला, सीटवर जुनी टायरं रचली गेली.

ताडपत्री ओढून काढली ती धाकटीनं. तिच्याच नखांचा रंग माझ्या अंगावर होता. "दादा, ही मला दे. तू नुसता बघत बसतोस, मी चालवते."

"तुझे पाय पोचतात का जमिनीला?"

"तोंड पोचतं ना तुझ्यापर्यंत? दे म्हटलं ना!"

चालवायची मात्र ती अशी की मलाच भीती वाटावी. वळणावर ती माझ्या अंगाला चिकटून जायची. अडचण एकच. शर्यत सुटण्याआधी रेषेवर उभं राहावं लागतं आणि तिची फक्त बोटं टेकायची. जरा कलले की माझा सगळा भार तिच्या एका अंगठ्यावर. दोनदा आम्ही उभ्या उभ्या आडव्या झालो. शेजारचा स्वार म्हणाला, "शिडी आणू का गं?" धाकटीनं त्याच्या हेल्मेटवर असा ठोसा मारला की तिचीच बोटं सुजली. शर्यतीच्या पंचांनी बजावलं, "आता पुन्हा रेषेवर गाडी पाडलीस तर या मैदानात पाय ठेवायचा नाही."

मोसमातली शेवटची शर्यत तेवढी उरली होती. ती रडली नाही. थोरल्यानं तिच्याकडे पाहिलं. मग त्यानं मोठा पाना उचलला.

मागच्या चाकाचे धक्के स्प्रिंगपर्यंत नेणाऱ्या दोन लोखंडी पट्ट्या असतात. त्या जागी जास्त लांबीच्या पट्ट्या घातल्या की गाडी मागून खाली बसते. जुना बोल्ट निघेना. त्यानं हातोडा घेतला. मित्रांनो, घावामागून घाव! माझ्या कण्यात झिणझिण्या आल्या. पण घालत होता तो मायेनंच, बहिणीचे पाय टेकावेत म्हणून. संध्याकाळपर्यंत मी मागून तीन बोटं खाली बसले होते.

धाकटी चढून बसली. दोन्ही टाचा जमिनीवर! शेजारच्या टायरवाल्या काकांनी टाळ्या वाजवल्या. "आता ही गाडी नाही, पाट झाला!"

"दादा, पुढूनही तेवढीच खाली घे ना," धाकटी म्हणाली. "नाक वर करून बसल्यासारखी वाटतेय."

"पुढे हात लावायचा नाही. त्या रेघेवर मी करंडक आणलाय."

तो मला साइड स्टँडवर लावून पलीकडच्या बाजूला गेला आणि मी धाडकन त्याच्याच पायावर पडले. मी बुटकी झाले होते, स्टँड होता तेवढाच लांब होता. त्यामुळे मला त्याच्यावर रेलताच येईना; ताठ उभी राहिले आणि दुसऱ्या बाजूला कलंडले.

"मालकाच्या पायाशी लोळण घेतली की रे हिनं!" काका हसून हसून खाली बसले.

थोरल्यानं शिव्या घालत स्टँड कापला, आखूड करून जोडला आणि हात झटकले. जे डोळ्यांसमोर पडलं तेवढं त्यानं दुरुस्त केलं. पण माझी मागची बाजू खाली गेल्यानं पुढच्या नळ्याही जास्त तिरक्या झाल्या होत्या. पुढच्या चाकावरचा भार हलका झाला होता. माझं पोट, माझा सायलेन्सर रस्त्याच्या जवळ आले होते. हे सगळं मला कळत होतं. सांगणार कसं? माझ्याकडे एकच भाषा. मी वळेनाशी झाले.

सरावात धाकटीनं मला आत वळवायला जिवाचं रान केलं आणि मी बाहेरच जात राहिले. ती परत आली ती दंड चोळतच. "दादा, ही वळत नाही. आणि उजवीकडे खालून काहीतरी घासतंय."

"गाडी वळते. तुझी मान वळत नाही."

"मी खोटं बोलतेय का?"

"घाबरलीयस. पाय टेकतात ना आता? मग आणखी काय हवंय?"

तिनं हेल्मेट इतक्या जोरानं चढवलं की कान मुडपला. घाबरलीयस म्हटल्यावर ती थांबणार होती होय! मुलांना असं म्हणू नये हो. त्या एका शब्दापायी ती नको तिथं जातात.

शर्यत सुटली. रेषेवर आम्ही खांबासारख्या उभ्या होतो, कुणाला हसायला जागा नव्हती. पहिली काही वळणं तिनं नुसत्या हट्टानं ओढून काढली. मग उजवीकडचं तीव्र वळण आलं. मी बाहेर सरकू लागले म्हणून तिनं मला आणखी कलवलं. फूटरेस्ट घासून झिजला, ठिणग्या उडाल्या, आणि मग सायलेन्सर डांबरात रुतला. मागचं चाक जमिनीवरून उचललं गेलं. चाकच टेकत नसेल तर गाडी कशाला धरून राहणार?

मी सपकन आडवी झाले. तिचा उजवा पाय माझ्याखाली होता. डांबर आम्हा दोघींना खरवडत गेलं, माझा पत्रा सोलत, तिचा चामडी पोशाख फाडत. टायरांच्या भिंतीवर आपटून मी उलटले आणि पुन्हा तिच्यावरच पडले. काडकन काहीतरी मोडलं. ते माझं नव्हतं. पेट्रोल तिच्या बुटावर ठिबकत होतं आणि माझं इंजिन बंद होत नव्हतं. मी किंचाळत होते. तीही.

माणसांनी मला उचलून बाजूला फेकलं. थोरला लंगडत, पडत पोचला. तिचा भलतीकडे वळलेला पाय त्यानं पाहिला आणि हातातला पाना माझ्या तोंडावर घातला. दिवा फुटला. दुसरा घाव टाकीवर. तिसरा कुठं बसला आठवत नाही. "हिनं मला खाल्लं, आता माझ्या बहिणीलाही!" तो ओरडत होता.

"तिला मारू नकोस!" स्ट्रेचरवरून धाकटी किंचाळली. तिच्या दातांना रक्त होतं. "तिनं मला सांगितलं होतं. मी तुला सांगितलं होतं. तू कुणाचं ऐकलंस?"

पाना त्याच्या हातातून खाली पडला.

मला भंगारात घालायचं ठरलं. गॅरेजच्या मागं उन्हात पडून मी भंगारवाल्याची वाट बघत होते. त्याच्याआधी आली ती धाकटी. नडगीत सळई, काखेत कुबड्या. थोरला तिच्याकडे बघत नव्हता. "काप म्हणशील तर आत्ता कापतो हिला," तो पुटपुटला.

"कापायचं नाही. उभी कर. आणि स्टूल दे मला."

तिनं स्टुलावर बसून सांगितलं आणि त्यानं केलं. मध्यम लांबीच्या पट्ट्या आणून मागची बाजू दोन बोटं वर घेतली. स्टँडला तेवढाच तुकडा पुन्हा जोडला. सीटमधला फोम कापून पातळ केला. पुढच्या नळ्यांपाशी आल्यावर त्याचा हात थांबला. तिथं ती लाल रेघ होती.

"ती तुझ्या टांगांची रेघ आहे, दादा," ती हळूच म्हणाली. "माझ्या नाही."

त्यानं थिनरचा बोळा घेतला आणि रेघ पुसली. बराच वेळ पुसत होता. मग नळ्या वर सरकवून त्यानं माझं नाक खाली आणलं.

तिच्या टाचा आता टेकत नव्हत्या. ती सीटवरून अर्धी घसरून एकच पाऊल पक्कं रोवायला शिकली. काका म्हणाले, "बगळ्यासारखी उभी राहतेस गं!" तर म्हणाली, "राहते ना उभी? मग झालं तर."

पाय बरा झाल्यावर आम्ही मैदानात गेलो. पहिली फेरी हळू, दुसरी जरा वेगानं. त्या उजव्या वळणावर तिचे गुडघे माझ्या टाकीवर इतके आवळले गेले की मला तिची धडधड कळली. मी वळले, मित्रांनो. घासले नाही. पण अगदी मनासारखी नाही वळले, थोडी जड वळले.

ती येऊन थांबली. काच वर केली. थोरल्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"दादा, अजून किंचित जड वाटतेय."

मला वाटलं, आता म्हणेल मान वळव. तो दुखऱ्या गुडघ्यावर कसाबसा खाली बसला, पान्याला हात घातला आणि वर बघून विचारलं, "किती?"

मित्रांनो, माझ्यासारख्या गाडीला तेल घाला, साखळी पुसा, तेवढं तर कराच. पण गाडीवर बसलेलं माणूस काही सांगत असेल तर त्याला भित्रं ठरवू नका. आणि एक बाजू बदललीत तर दुसऱ्या बाजूलाही जाऊन बघा. आम्हाला बोलता येत नाही. जे बोलू शकतात त्यांचं तरी ऐका.