जयदीपची साक्ष

प्रताप साळवे आजाऱ्याकडे कधी वेळेवर पोहोचला नाही. मरणाऱ्याकडे मात्र कधी चुकला नाही. आखातातल्या महबूला गावच्या मराठी ख्रिस्ती प्रार्थना मंडळीचा तो वडील, म्हणजे पुढारी. शुक्रवारी दुपारी मंडळीतल्या तरुण सुमेधला घेऊन शर्मिलाच्या घरी आला आणि आजाऱ्याकडे बघायच्या आधी त्याने फोन कुठे धरायचा ती जागा हेरली. तिच्या नजरेतून ते सुटलं नाही.

तिचा नवरा जयदीप सुलैबियातल्या कोल्ड स्टोरेजमध्ये मेकॅनिक. पोटाच्या कॅन्सरने शेवटाला आलेला, विमानात बसवून गावी नेण्याजोगा राहिला नव्हता. वीस वर्षं मंडळीत गाणी त्यानेच सुरू करून दिली. गेल्या आठवड्यात मात्र प्रार्थनेला जमलेल्यांना त्याने सांगितलं, की वर कोणी नाही, मी उगीच ओरडत होतो. त्यानंतर दोन कुटुंबं यायची बंद झाली. म्हणून प्रतापला ग्रुपवर टाकायला साक्ष हवी होती: जयदीप प्रभूवर विश्वास ठेवूनच गेला.

आधी त्याने एका पुस्तकातली गोष्ट सांगून धाक घालून पाहिला. पावणेपाचशे वर्षांपूर्वी युरोपात विश्वास सोडलेला एक माणूस म्हणे असाच निराशेत तडफडून मेला. लोक लांबून बघायला येत, त्याचं बोलणं लिहून घेत, छापत.

"त्यातल्या कोणी पाणी पाजलं का त्याला?" शर्मिलाने विचारलं.

ते प्रतापच्या पुस्तकात नव्हतं.

मग त्याने विचारलं, प्रभूवर विश्वास आहे ना? जयदीपने नकारार्थी मान हलवली. पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. तेव्हा गृहस्थाने बाजारात उतरवावा तसा भाव उतरवला. "भाऊ, बोलू नका. नुसते डोळे मिटा. मिटले की आम्ही हो धरू."

औषधाने जयदीपच्या पापण्या सकाळपासून पडत होत्या. आल्याआल्या शर्मिलानेच ते प्रतापला सांगितलं होतं. सुमेधने फोन रोखला.

जयदीपने डोळे ताणले. पाणी कानापर्यंत ओघळलं, पण पापणी हलेना. प्रताप स्तोत्र म्हणत होता, अर्धं लक्ष स्क्रीनवर ठेवून.

शर्मिलाची श्रद्धा शाबूत होती. जयदीपने खोटं का होईना, हो म्हणावं, असं तिला आठवडाभर वाटत होतं. आता त्याचे लाल डोळे बघून तिला त्या वाटण्याची किळस आली. तिने फोन काढून घेतला, बंद करून प्रतापच्या खिशात कोंबला आणि दोघांना दाराबाहेर घातलं.

"वहिनी, तुम्ही त्याला नरकात लोटताय."

"मी जाईन सोबत," ती म्हणाली आणि कडी लावली.

ती पलंगावर येऊन बसली. "मिटा आता. गेले."

जयदीपने आधी दाराकडे बघून खात्री करून घेतली.