गोठलेला आकडा

बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या साहेबांनो, लेस्टरला तुम्ही बुडवलंत. शिक्का मारून, परवानगी देऊन, दिवसाढवळ्या. भीतीवर दुकान थाटणाऱ्यांना तुम्ही पाटी लावू दिलीत, आणि त्या दुकानातला भावफलक बंद पडला तेव्हा तुमच्यातला एकही खुर्चीतून उठला नाही.

लेस्टर माझा धाकटा भाऊ. शिकागोच्या बाजारात, दलाल उभे राहून ओरडत सौदे करायचे त्या खड्ड्यात त्याची उमेदीची वर्षं गेली. त्याची बायको आयरीन वरच्या पायरीवर, टेलिफोनपाशी. गोंगाटात शब्द पोचत नसत, म्हणून ती गिऱ्हाइकाचा निरोप हातांनी द्यायची. तळवा स्वतःकडे, घे. तळवा बाहेर, विक. लग्नही असंच खाणाखुणांत जमलं.

"तुमची भांडणंसुद्धा मुकीच होत असतील," मी चिडवायचे.

"भांडायचं असलं की ती हात खिशात घालते, ताई. मग मी बसतो बोंबलत!"

बाजार कोसळेल या धास्तीनं लोक विम्यासारखे सौदे घेतात. ते महागले की भीतीचा आकडा चढतो. खड्ड्यात तो आकडा बघायला सवड कुणाला होती? भीती कानाला कळायची. ओरडण्याचा सूर बदलला की लेस्टरच्या मानेवर काटा यायचा.

मग खड्डे बंद झाले, कॉम्प्युटर आले. आयरीनला विस्मरणानं गाठलं. एकेक करून शब्द गेले, हात तेवढे राहिले. तळ्याकाठच्या महागड्या शुश्रूषागृहातली मारिसोल तिच्या खुणा शिकली. मारिसोलनं तळवा स्वतःकडे वळवला की आयरीन घास घ्यायची. तिला तिथंच ठेवायचं, एवढ्यासाठी लेस्टरनं पुंजी एका फंडात घातली. लोक निर्धास्त असेपर्यंत तो फंड कमवायचा.

"आणि लोक घाबरले तर रे?" मी विचारलं.

"तू आपली शहराची बस चालव, ताई. रस्त्याकडे बघ."

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी बाजार गडगडला. मी तडक त्याच्याकडे गेले. बर्फ उपसून धरलेल्या जागेत दुसऱ्या कुणी गाडी लावू नये म्हणून त्यानं खुर्ची मांडली होती. ती हलवून मी गाडी लावली. एरवी त्यानं खिडकीतून शिव्या घातल्या असत्या. तो स्वयंपाकघरात पडद्यासमोर बसला होता. बाजार बंद झाला होता, तरी मागाहूनचे सौदे चालू होते; भीतीचा आकडा दुपटीच्या वर गेला होता. फंडाची जाहीर किंमत मात्र दुपारी होती तिथंच.

"बघ, खांबासारखा उभा आहे! घाबरट लोक याच्याहून खाली विकतायत. आत्ताच घ्यायला हवा."

"अरे, थांब जरा. सगळं पडतंय आणि हाच कसा उभा?"

"तुला यातलं काय कळतं?"

आयरीनसाठी राखलेलं उरलंसुरलंही त्यानं घातलं. स्वयंपाकघरात फक्त फ्रिजची घरघर होती. खड्डा असता तर त्याला ऐकू आलं असतं. किंमत उभी नव्हती, गोठली होती; नवा आकडा येणंच बंद पडलं होतं. आत फंड केव्हाचा बुडत होता. जीव वाचवायला तो स्वतःच ते विम्यासारखे सौदे, म्हणजे भीतीच, विकत घेत सुटला होता, आणि त्याच्या त्या खरेदीनंच भीती आणखी महागत होती. सकाळी हाती राख.

आठवडाभरात भीतीचा आकडा खाली आला. भीती सरली, असं पेपरवाल्यांनी लिहिलं. महिना संपायच्या आत आयरीनला सरकारी शुश्रूषागृहात हलवलं. तिथं तिच्या खुणा कुणाला येत नाहीत. ती हातवारे करते, अंगावर येते, म्हणतात, आणि तिच्या हातांना जाड, बंद हातमोज्यांचे पंजे बांधून ठेवतात. जेवण नळीनं.

"अहो, ती बोलतेय!" मी तिथल्या नर्सबाईंना म्हटलं.

"माझ्याकडे आख्खा मजला आहे, बाई. तुम्ही ऐका."

भेटीला गेलो की लेस्टर आधी तिचे पंजे सोडतो. बोटं सुजलेली असतात. काल तो ती चोळत असताना तिनं त्याच्याकडे पाहिलं, आणि पूर्वी वरच्या पायरीवरून करायची तीच खूण केली. भाव काय?

लेस्टरनं दोन्ही हात खिशात घातले.

तिनं पुन्हा विचारलं. मग पुन्हा. पंजे बांधायची वेळ होईपर्यंत विचारत राहिली.

आता मी विचारते. तो आकडा मेलेला आहे हे तुम्हाला कधी कळलं, आणि कळल्यावर तुम्ही गप्प का बसलात? कागद नको, माफी नको. इथं या, तिच्या खाटेपाशी उभे राहा, खिशातले हात बाहेर काढा आणि तिला उत्तर द्या.